शुक्रवारी पेन हललं

दाक्षायणीला घरात दक्षा म्हणत, शाळेत दाक्षी म्हणत, आणि दोन-तीन महिन्यांपूर्वीपर्यंत वर्गात कुणी काहीच म्हणत नसे, कारण ती वर्गात तोंडच उघडायची नाही. घरी कानडी, बाहेर मराठी. बोलता बोलता एखादा शब्द तिकडचा इकडं यायचा आणि मागच्या बाकांवर खसखस पिकायची. निम्मी नववी अशी मुकाट गेली. मग डिसेंबरात विज्ञान प्रदर्शन भरलं, हिच्या जोडीदारणीला नेमका गोवर निघाला, आणि पाण्याच्या पंपाची सगळी माहिती हिला एकटीला सांगावी लागली. पहिल्यांदा सांगताना निम्मे शब्द गिळले. पाचव्यांदा एकही गिळला नाही. तिसऱ्या दिवशी तर पाहुणे संपले तरी ही सांगतच होती, शेवटी शिपायानं पंपासकट टेबल उचललं तेव्हा थांबली. आणि खरं सांगायचं तर तेव्हाही पुरती थांबली नाही, कारण त्या दिवसापासून दक्षा जी बोलायला लागली ती लागलीच.

सत्याहत्तर सालचा फेब्रुवारी होता. संक्रांतीला सोलापुरात भरलेली गड्ड्याची जत्रा उठली होती, उन्हाला धार चढत होती, आणि भूगोलाच्या वच्छलाबाई ज्वालामुखी शिकवत होत्या. पुस्तकातलं पान संपलं, तास उरला, म्हणून बाईंनी पुस्तकाबाहेरचं सांगायला घेतलं. बाईंचं पुस्तकाबाहेरचं नेहमीच जास्त चांगलं असायचं.

"अठराशे त्र्याऐंशी साली क्राकाटोआ नावाचं बेट फुटलं," बाई म्हणाल्या. "त्याचा आवाज हजारो मैलांवर ऐकू गेला. पण आवाज विरला म्हणून सगळं संपलं असं समजू नका. हवेला जो धक्का बसला होता तो पुढं जातच राहिला. इतकी लांब, इतकी संथ लाट की माणसाच्या कानाला ती कळणारच नाही. ती पृथ्वीभोवती फिरली, आणि एकदा फिरून भागलं नाही, पुन्हा पुन्हा फिरली. लोक जेवत होते, भांडत होते, कुणाला पत्ता नाही. पत्ता लागला तो फक्त हवेचा दाब मोजणाऱ्या यंत्रांना. ठिकठिकाणच्या वेधशाळांत कागदावरच्या रेघेला एक बारीकशी खोच पडली."

दक्षाचा हात वर गेला. "बाई, खोच म्हणजे कशी? पेनाला कुणीतरी बोट लावल्यासारखी?"

"अगदी तशीच."

"आणि दुसरा एखादा ज्वालामुखी फुटला, तर आपल्या सोलापुरातपण पडेल?"

"मोठा असला तर पडेल की. हवा काय, सगळीकडं एकच."

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "दाक्षीनं तोंड उघडलं तरी पडेल." वर्ग हसला. दक्षाही हसली, आणि हसता हसता मधेच थांबली. तशी एक खोच तिच्या घरी होती. बाळीवेशीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत, अज्जांच्या पत्र्याच्या ट्रंकेत, धोतरांच्या तळाशी एक लांबट कागद होता, आणि त्या कागदावरच्या खोचेनं अज्जांची नोकरी घेतली होती.

दक्षाचे अज्जा म्हणजे तिच्या आईचे वडील, ईश्वरप्पा. होटगीच्या अलीकडं पूर्वी एक खाजगी शेतकी फार्म होता. आता तिथं फार्मही नाही आणि फार्माची पाटीही नाही. पाऊस, वारा, ऊन, हवेचा दाब यांची नोंद ठेवायला तिथं एक लाकडी खोली होती, आणि अज्जा अकरा वर्षं त्या खोलीचे वाचक होते. यंत्रं वाचणारा तो वाचक. सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच, सण असो की सुतक. खोलीत काचेच्या पेटीत बॅरोग्राफ असायचा. एक पितळी ड्रम, त्याच्या पोटात घड्याळ, ड्रमवर गुंडाळलेला आठवड्याचा कागद, आणि कागदावर टेकलेलं जांभळ्या शाईचं पेन. ड्रम आठवड्यात एक फेरा घ्यायचा, हवेचा दाब बदलेल तसं पेन वरखाली व्हायचं, रेघ उमटत जायची. वाचक आला की त्यानं पेनाचा दांडा बोटानं हलकेच दाबायचा, म्हणजे रेघेवर एक उभी खूण पडायची. त्या खुणेचा अर्थ इतकाच, की मी वेळेवर आलो होतो.

छप्पन साली तीस मार्चला शुक्रवार होता. गुड फ्रायडेची सुट्टी, दुसऱ्या दिवशी रंगपंचमी, फार्मावर सगळं शांत. अज्जा साडेपाचला गेले, खूण पाडली, कुलूप लावलं, सायकलवरून घरी आले. शनिवारी सकाळी अधिकारी आबासाहेब तपासणीला आले. साडेपाचची खूण जागेवर होती, पण पुढं सातच्या सुमाराला पेन हललेलं होतं. वर, खाली, परत जागेवर. आबासाहेबांनी ताडलं की हा माणूस साडेपाचला आलाच नव्हता. सणाच्या गडबडीत सातला उगवला, ड्रम मागं फिरवून साडेपाचची खूण पाडली, आणि ड्रम परत सातवर आणताना पेन थरथरलं. खोलीची किल्ली एकच आणि ती ईश्वरप्पाकडं. मग दुसरा कोण असणार? त्यांनी अज्जांकडून किल्ली काढून घेतली आणि आपल्या खिशात टाकली.

सोमवार कागद बदलायचा दिवस. फार्माची सगळी माणसं गोळा झाली होती. आबासाहेब म्हणाले, "ईश्वरप्पा, मला लांबड नको. गळ्यातल्या लिंगावर हात ठेव आणि म्हण, सातला मी हितं नव्हतो. एवढं म्हण, मी कागद फाडून टाकतो."

अज्जांनी दोन्ही हात पाठीमागं बांधले. म्हणाले, "साहेब, कामाचं कामात विचारा. देवाला हजेरीला उभं करू नका."

अज्जांना वाटलं, सरळ माणसाचं बोलणं आहे, सरळ कळेल. कळलं उलटंच. मन साफ असेल तर हात ठेवायला काय जातं, असं जो तो म्हणाला. आबासाहेबांनी तांबड्या पेन्सिलीनं कागदावर तिरकं लिहिलं, 'वाचकाने वेळेनंतर येऊन यंत्रास हात लावला', खाली लांब शेपटाची सही ठोकली आणि कागद अज्जांपुढं टाकला. "घे. घरात लाव."

अज्जा कागद घेऊन घरी आले ते पुन्हा फार्मावर गेले नाहीत. पुढं अठरा वर्षं त्यांनी चादरीच्या कारखान्यात चादरींच्या घड्या घातल्या.

तर त्या दिवशी शाळा सुटल्यावर दक्षा तडक घरी आली, दप्तर फेकलं आणि अज्जांसमोर फतकल मारून बसली. अज्जा चटणीसाठी शेंगा फोडत होते.

"अज्जा, तो कागद काढा."

"बेडा," अज्जा म्हणाले. ते मराठीत नको म्हणाले तर थोडी घासाघीस चालायची. कानडीत म्हणाले की संपलं.

"बरं, कागद राहू द्या. एवढंच सांगा. त्या शुक्रवारी सातला तुमी कुटं होता?"

आतून आईचा, हेमावतीचा, आवाज आला. "दक्षा, तो विषय नको म्हणून सांगितलंय ना तुला?"

अज्जांनी एक शेंग फोडली, दाणे टाकले, टरफल हातातच ठेवलं. "घरीच होतो की. तुझ्या आईची पिचकारी दुरुस्त करत होतो." मग जरा वेळानं म्हणाले, "असं मला आठवतंय. पण एकवीस वर्षं झाली गं बाळ. सगळी म्हणाली, तू तिथं होतास. आता कधी कधी डोळे मिटले की मला खोलीच दिसती. पेनाजवळ माझीच बाही दिसती. यातलं खरं कुठलं आणि लोकांनी माझ्यात घातलेलं कुठलं, तेच कळंना झालंय. मरायच्या आधी तेवढं कळलं तर बरं."

दक्षाला वाटत होतं, अज्जांना सगळं पक्कं ठाऊक आहे आणि ते नुसते रागावलेले आहेत. माणसाला स्वतःचीच खात्री वाटेनाशी होते, हे तिला माहीतच नव्हतं. तिनं गुपचूप त्यांच्या पुढ्यातल्या निम्म्या शेंगा ओढून घेतल्या आणि फोडायला लागली. शेंगा संपल्या तेव्हा अज्जा उठले आणि न बोलता ट्रंक उघडली.

पुढचे चार दिवस मधल्या सुट्टीत दक्षा डबा खायचीच विसरली. तो कागद बघून वच्छलाबाईंनी शाळेच्या कपाटातून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक काढलं. त्याला बुरशीचा वास येत होता. ज्वालामुखींची भली मोठी यादी होती आणि ती सालांप्रमाणं नव्हती, देशांप्रमाणं होती, त्यामुळं सगळं जग पालथं घालावं लागलं. इटली झाली, जावा झालं, जपान झालं. गुरुवारी रशियाच्या पार पूर्वेच्या टोकाला, कामचाटकात, बाईंचं बोट थांबलं. बाईंनी ओळ एकदा वाचली, मग चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"तीस मार्च, एकोणीसशे छप्पन," त्या हळूच म्हणाल्या.

बेझिमियानी नावाचा डोंगर. त्या नावाचा अर्थच म्हणे 'नाव नसलेला'. मेलेला समजून कुणी त्याच्याकडं लक्षच दिलं नव्हतं. पंचावन्नच्या ऑक्टोबरात तो जागा झाला आणि पुढच्या तीस मार्चला त्याचा माथाच उडाला. हवेतली लाट जगभरच्या यंत्रांवर उमटली, असं पुस्तकात स्पष्ट छापलं होतं. वेळ तिथल्या घड्याळानं संध्याकाळचे पाच वाजून गेलेले. बाईंनी हिशेब करून सांगितलं, म्हणजे आपल्याकडचे सकाळचे पावणेबारा.

मग पृथ्वीचा गोल टेबलावर आला. दक्षानं घरून चादरीच्या सुताचा तांबडा दोरा आणला होता. एक टोक कामचाटकावर, दुसरं सोलापूरवर, ताणून धरला. तेवढाच दोरा विषुववृत्तावरून फिरवला तर पाच वेळा बसला. विषुववृत्त पंचवीस हजार मैल. म्हणजे तो डोंगर इथून पाच हजार मैल. आणि पावणेबारापासून सातपर्यंत सव्वासात तास.

"तासाला सातशे मैलांच्या आतबाहेर," बाई म्हणाल्या. "आवाजाचाच वेग की गं हा."

दक्षा घरापर्यंत धावत गेली. बाळीवेशीत दोन सायकलवाले तिला चुकवता चुकवता एकमेकांवर आदळले आणि दोघांनीही तिच्या नावानं शिव्या घातल्या, ते तिला ऐकूच आलं नाही. घरी पोचल्यावर तिनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. डोंगर, दोरा, सव्वासात तास. अज्जा ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "तितं माणसं होती का?"

"कुटं?"

"त्या डोंगराखाली."

"न्हाई. जवळपास वस्तीच नव्हती. कुणी मेलं न्हाई असं बाई म्हणाल्या."

"बरं झालं," अज्जा म्हणाले. मग त्यांनी कागदावरच्या तांबड्या अक्षरांवर बोट ठेवलं. "तुला पटलं, बाईंना पटलं. पण तू माझी नात आणि बाई तुझ्या. ज्यानं हे लिहिलं त्याला पटलं तर मी मानीन. न्हाईतर आपलं आपल्यालाच खोटं समाधान."

आबासाहेब आता मोडनिंबला, आपल्या गावी होते. रविवारी सकाळी दोघं एसटीनं निघाली. सगळ्या वाटेवर अज्जा एक शब्द बोलले नाहीत, दक्षाच दोघांच्या वाट्याचं बोलली. मोडनिंबच्या स्टँडवर उतरल्यावर मात्र अज्जा बाकावर बसले ते बसलेच.

"चला की, अज्जा."

"तू जा. मला त्यांनी बोलावलेलं न्हाई. घर बाजाराच्या मागं हाय, कुणीबी दाखवील. मी हितं बसतो."

दक्षा एकटीच गेली. दोन महिन्यांपूर्वीची दक्षा असती तर तिथूनच परत फिरली असती.

आबासाहेब ओसरीत बाजेवर उन्हाला बसले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, बुबुळं दुधासारखी. त्यांच्या बायकोनं, मथुराबाईंनी, पाण्याचा तांब्या पुढं केला.

"कुणाची गं तू?" आबासाहेबांनी विचारलं.

"ईश्वरप्पांची नात. होटगीच्या फार्मावरचे."

आबासाहेबांची मान वळली. "वाचक ईश्वरप्पा? हाय का अजून?"

"स्टँडवर बसलेत."

"घरात का न्हाय आला?"

"तुमी बोलावलं न्हाई म्हणून."

"बरोबर हाय," आबासाहेब म्हणाले, आणि त्यात राग नव्हता. "बस. काय म्हणतीस?"

दक्षानं बसून सांगायला सुरुवात केली आणि निम्म्यावर आली तोवर ती उठून उभीही राहिली होती. बेट, डोंगर, न ऐकू येणारी लाट, तांबडा दोरा. मधे दोन-तीन कानडी शब्द येऊन गेले, ते तिच्या लक्षातही आले नाहीत. मथुराबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

"गोष्ट चांगली हाय," सगळं ऐकून आबासाहेब म्हणाले. "पर पोरी, हवामानाचं काम म्याबी जन्मभर केलंय. एका खोचेनं काय ठरतंय? तुजा डोंगर सातला आला, आणि त्याच सातला ईश्वरप्पाबी आला, असं झालं नसंल कशावरनं?"

त्यांच्या तोंडावर काहीतरी फेकून मारावं असं दक्षाला वाटलं, पण फेकायला काही सुचेना.

आबासाहेबांचे ओठ हलत होते. ते हिशेब करत होते.

"किती मैल म्हणलीस?"

"पाच हजार."

"लाट काय एकाच अंगानं जाती व्हय? तळ्यात धोंडा टाक, गोल पसरती. इकडनं पाच हजार आली, तशी पलीकडनं सगळी पृथ्वी हिंडून उलट्या अंगानंबी येणार. पंचवीसातले पाच गेले, वीस ऱ्हायले. चौपट." त्यांनी बोटावर अंगठा फिरवला. "सव्वासात चोक एकोणतीस. शुक्रवारच्या पावणेबारात एकोणतीस तास मिळव."

दक्षानं मिळवले. "शनिवारी संध्याकाळचे पावणेपाच."

"पावणेपाच," आबासाहेब म्हणाले आणि त्यांचा हात आपोआप छातीवरच्या खिशाकडं गेला. "तवा किल्ली माज्यापाशी हुती. शनिवारची साडेपाचची खूण म्या सोता पाडली. खोलीत माशी गेली न्हाय त्या दिवशी. डोंगर खरा असंल तर माज्या खुणेच्या जरा अलीकडं दुसरी खोच पायजे. लई बारीक असंल. बघ, हाय का?"

दक्षानं कागद गुडघ्यावर पसरला, बाईंनी दिलेलं भिंग काढलं. शनिवारची साडेपाचची खूण सापडली. तिच्या अलीकडं बघितलं. पुन्हा बघितलं.

म्हाताऱ्याला दिसत नव्हतं. हो म्हटलं की काम झालं होतं. दक्षाच्या जिभेच्या टोकावर तो हो येऊन बसला होता. पण तो म्हटला असता तर अज्जांच्या बाजूला पुन्हा नुसता एक शब्द उरला असता, आणि तोही खोटा.

"काय न्हाई दिसत," ती म्हणाली.

"न्हाय?"

"दिसतच न्हाई. तिथं तुमची सही आलीय. सहीचं शेपूट नेमकं तिथनंच गेलंय, तांबडं जाड. खाली काय हाय ते कळंना."

मग आबासाहेब म्हणाले, "दप्तरात रबर असतंय का तुज्या?"

कंपासपेटी पिशवीत होती. दक्षा बाहेर जाताना कंपासपेटी न्यायचीच, तिला वाटायचं कधी काय लागेल सांगता येत नाही.

"पूस," आबासाहेब म्हणाले. "हळू. शाई जाईल."

दक्षानं श्वास धरून रबर फिरवलं. पेन्सिलीचं तांबडं आधी पसरलं, मग गुलाबी झालं, मग निघालं. खालची जांभळी रेघ तशीच राहिली. तिनं कागद उन्हाकडं धरला आणि भिंग जवळ नेलं. रेघ सरळ येत होती, सरळ येत होती, आणि साडेपाचच्या खुणेच्या अलीकडं, तांदळाच्या निम्म्या दाण्याएवढ्या अंतरावर, तिनं एक इवलीशी उडी मारली होती. वर, खाली, जागेवर. शुक्रवारच्या खोचेची धाकटी बहीण.

"हाय," दक्षा म्हणाली. "हाय, आबासाहेब. पावणेपाचलाच हाय."

"शपथ घेतीस?"

"न्हाई."

"का गं?"

"आमी कामात देवाला घालत न्हाई. काकूंना भिंग देते, त्या बघतील."

मथुराबाईंनी पदरानं हात पुसून भिंग घेतलं, बराच वेळ कागदावर वाकल्या आणि म्हणाल्या, "हाय की वो. मुंगीनं पाय मारल्यागत."

आबासाहेबांनी छातीवरच्या खिशाकडं गेलेला हात खाली घेतला. मग म्हणाले, "आता वरचंबी पूस. म्या लिवलेलं, सगळं." दक्षा पुसत होती तोवर ते स्वतःशीच बोलल्यासारखे बोलत होते. "मला वाटलं हुतं, त्याला सोपा रस्ता देतोय. लिंगावर हात ठेवील, एक वाक्य बोलंल, माजंबी काम सोपं हुईल. मला तो माणूस ठेवायचाच हुता. तसा वाचक पुन्हा गावला न्हाय. त्यानं हात मागं बांधले आणि मला वाटलं, संपलं, ह्यानंच केलंय." ते उठले आणि हवेत हात पुढं केला. "खांदा दे. स्टँडवर चल."

"उन्हाचं कुटं निघाला?" मथुराबाई म्हणाल्या.

"हजेरीला," आबासाहेब म्हणाले.

अज्जा अजून त्याच बाकावर, गुडघ्यावर टॉवेल ठेवून बसले होते. दक्षाच्या खांद्यावर हात ठेवून कोण येतंय हे दिसल्याबरोबर ते उठून उभे राहिले. जुनी सवय.

"साहेब."

"ईश्वरप्पा, दुसरी खोच गावली. शनिवार, पावणेपाच. किल्ली माज्या खिशात हुती."

अज्जा पुन्हा बाकावर बसले. त्यांनी टॉवेल उचलून तोंड पुसलं, पुसतच राहिले. "म्हणजे मी घरीच होतो," ते म्हणाले, आबासाहेबांनाही नाही आणि दक्षालाही नाही. "पिचकारीच्या दट्ट्याला कातडं बसवत होतो. हेमा शेजारी उभी होती, तिला घाई झालेली. घरीच होतो मी."

"व्हय. घरीच हुतास." आबासाहेब चाचपडत बाकाच्या कडेला टेकले. "एक ऐकून घे. खोच बघण्यात चुकलो, ते कुणीबी चुकलं असतं. तुज्या देवाला मधी घेतलं, ते चुकायला नको हुतं. त्याचं मला लई वाईट वाटतंय."

अज्जा 'काही नाही', 'असू दे' वगैरे म्हणाले नाहीत. ते सरकले आणि आबासाहेबांना नीट बसायला जागा केली. रस्त्यावरून एक ट्रक गेला, धूळ उडाली, बसली. दक्षाला या दोघांना जवळ धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं, पण ती शहाण्यासारखी उभी राहिली.

थोड्या वेळानं आबासाहेबांनी आपली दुधाळ बुबुळं वर केली. "आज आभाळ कसं हाय रं? घरात इचारलं तर म्हणत्यात, हाय निळं. असं सांगत्यात व्हय कुणी?"

अज्जा उठले. कपाळावर हात आडवा धरला आणि सावकाश, चारी दिशांना वळत, सगळं आभाळ बघून घेतलं. आभाळाचे मनातल्या मनात आठ भाग करायचे आणि त्यातले किती ढगांनी भरलेत ते सांगायचं, अशी या कामाची रीत. स्टँडवरची चार माणसंही उगाच माना वर करून बघायला लागली.

"आठातले दोन," अज्जा म्हणाले. त्यांचा आवाज दक्षानं कधी ऐकला नव्हता असा निघाला, सपाट आणि स्वच्छ. "उंचावरचे हायत. पिंजलेल्या कापसागत. पश्चिमेकडनं सरकतायत. वारा जवळजवळ न्हाईच."

आबासाहेबांनी खरं का, असं विचारलं नाही. पुन्हा बघ, असंही म्हणाले नाहीत. "पोरी," ते म्हणाले, "लिहून घे. तारीख घाल, येळ घाल, खाली वाचकाचं नाव घाल."

दक्षानं खाली बसून वही काढली, मांडीवर ठेवली आणि पट्टीनं रकाने आखायला घेतले. तेवढ्यात सोलापूरची गाडी येऊन उभी राहिली. माणसं चढली. कंडक्टरनं दारातून या तिघांकडं बघितलं आणि घंटीच्या दोरीला हात घातला.

"येताय का न्हाई, ओ?"

"थांबा की जरा," दक्षा मान वर न करता म्हणाली. "नोंद चाललीय."